कार्डबाईंची पत्त्यांची वही

ग्रंथालयात त्यांना सगळे कार्डबाई म्हणायचे. नवं पुस्तक आलं की त्याचं नाव, लेखक आणि कपाटाचा क्रमांक जाड कार्डावर टाइप करायचा, आणि ते कार्ड लांबट खणात बरोब्बर आपल्या जागी सरकवायचं, हे काम त्यांनी अकरा वर्षं केलं. मग दोन संगणक आले. त्यांच्यासोबत ते बसवणारा इंजिनिअर आला, आणि ग्रंथपालसाहेबांनी कार्डबाईंना त्याच्या हवाली केलं.

"वीस हजार नोंदींत एक शब्द शोधायचाय. काय कराल?" इंजिनिअरने विचारलं.

"खण उघडीन."

"खण विसरा आता. ही ओळ लिहून घ्या."

बाईंजवळ कागद नव्हता. त्यांनी पर्समधून पत्त्यांची वही काढली; कडेला अ, आ, इ अशा पायऱ्या कापलेली असते ना, तसली. शोधायची ओळ म्हणून ती 'श'च्या पानावर, शिंप्याच्या नंबराखाली उतरवली. तिथून ती सवयच लागली. 'ज'वर जावेचा पत्ता आणि खाली जुन्या फाइली बाजूला काढायची ओळ. 'म'वर मोठ्या नणंदेचा फोन आणि खाली 'मोजणे'. पुढे त्या अशा चार-पाच ओळी एका फाइलमध्ये एकाखाली एक रचू लागल्या. त्या फाइलचं नाव टाइप केलं की संगणक सगळी कामं ओळीने करून मोकळा. याला स्क्रिप्ट म्हणतात, हे त्यांना कळलं तेव्हा त्यांच्या नऊ स्क्रिप्ट झाल्या होत्या.

घरी यजमान वैतागायचे. "अगं, शिंप्याचा नंबर बघायला गेलो तर नुसते कंस आणि फुल्या!"

"नंबर वरच आहे. खालच्याला हात लावू नका, ग्रंथालय बंद पडेल."

तिसऱ्या वर्षी मात्र बाईंच्या हातून घोळ झाला. बऱ्याच लेखकांच्या नावामागे 'डॉ.' होतं, त्यामुळे ते सगळे यादीत 'ड'खाली गोळा व्हायचे. बाईंनी एका ओळीत सांगितलं, जिथे 'डॉ.' दिसेल तिथून ते काढून टाक. संगणकाच्या त्या भाषेत टिंबाचा अर्थ 'कुठलंही एक अक्षर' असा होतो, हे काही त्यांना ठाऊक नव्हतं. जुन्या नोंदींची प्रतही त्या दिवशी घाईत काढायची राहिली होती.

दुपारी एक वाचक खिडकीशी आला. "'घरचा टर' म्हणजे कसलं पुस्तक हो?"

बाईंनी पडद्यावर पाहिलं. 'डॉक्टर'मधला 'डॉ' गेला होता, सोबत 'क'ही गेला होता, आणि 'क'चा मोडलेला पाय तेवढा मागे लटकत होता. समुद्रातल्या डॉल्फिनांचीही तीच गत. त्या तशाच उठून साहेबांच्या खोलीत गेल्या आणि सगळं सांगून टाकलं.

साहेबांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. "कार्डं अजून आहेत ना?"

"मागच्या व्हरांड्यात. परवा कपाटं न्यायला गाडी येणार आहे."

साहेबांनी फोन उचलला आणि गाडी आठ दिवस पुढे ढकलली.

त्या आठ दिवसांत बाईंना साथ दिली ती बाइंडरकाकांनी. पुस्तकांचे सुटलेले कणे शिवणारा हा माणूस एरवी दिवसाला चार शब्द बोलेल तर शपथ. पण खणामागून खण मांडीवर घेऊन ते खळीने कडक झालेल्या बोटांनी कार्डं चाळायचे, 'डॉ' सापडला की मोठ्याने वाचायचे, आणि बाई नोंद दुरुस्त करायच्या. 'डॉल्फिनचे कुटुंब' आलं तेव्हा म्हणाले, "घ्या, आलं बिचारं घरी." दोघं डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. एकंदर दोनशे चौदा नावं सापडली. आठव्या दिवशी बाईंनी 'ब'च्या पानावर, बदलायच्या ओळीच्या वर, लाल शाईने लिहिलं: आधी नुसतं दाखव, मग बदल.

त्या लाल ओळीची कीर्ती पसरली. शेजारच्या संग्रहालयातून, दूरच्या वाचनालयांतून माणसं वहीची पानं मागायला येऊ लागली. बाई भिडस्त, पानं झेरॉक्स करून द्यायच्या, नातेवाइकांसकट. एकदा नणंदेचा फोन आला. "वन्सं, बोला," म्हणेस्तोवर त्या कडाडल्या, "कोण गं हा माणूस? मला विचारतो, मोजण्यासाठी हाच नंबर का! मी म्हटलं, काय मोजायचंय तुम्हाला, नीट सांगा. तर म्हणे, ओळी!"

निवृत्त होऊन सहा वर्षं झाल्यावर ग्रंथालयातून बोलावणं आलं. संगणकांची सगळी जबाबदारी आता पस्तिशीच्या एका सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटरकडे होती. तिला बाईंच्या ओळी सगळ्यांच्या वापरासाठी एका पानावर एकत्र करायच्या होत्या. बाई वही घेऊन गेल्या. कार्डांच्या व्हरांड्यात आता काचेची दालनं होती. दोघी शेजारी बसून पान पान पाहू लागल्या. शिंप्याने दुकान बंद करूनही जमाना झाला होता. वन्सं गेल्या त्याला चार वर्षं झाली. साहेबांच्या बदलीच्या गावचा पत्ता, बाइंडरकाकांच्या मुलाचा नंबर. बाईंचं बोट प्रत्येक नावावर क्षणभर थांबायचं, आणि ती पोरगीही घाई करायची नाही.

"ही चालेल अजून?" बाईंनी विचारलं.

तिने मोजायची ओळ टाइप केली. बोट उचलायच्या आत आकडा आला, चार लाखांच्या वरचा.

"एवढ्यात?" बाई पडद्याकडे बघत राहिल्या. "आमच्या वेळी ही सुरू केली की मी चहाला उठायचे. सगळे यायचे. साहेबसुद्धा."

"मग चला ना," ती खुर्ची मागे सारत म्हणाली, "उरलेल्या ओळी चहा घेऊन आल्यावर बघू."