बर्फावरची मीठ-मोहरी

नेत्रा बर्फाची डॉक्टर आहे, असं तिची आई वीणाताई पुण्यात सगळ्यांना सांगते. ते अगदीच खोटं नाही. जपानमध्ये नागानोच्या डोंगरात बॉबस्लेचा ट्रॅक आहे, म्हणजे घसरगाड्यांच्या शर्यतीसाठी बर्फाची लांबलचक, वळणावळणाची घसरगुंडीच. कावासाकी शहरातल्या तिच्या कंपनीनं नेत्राला एका हिवाळ्याच्या करारावर तिथे पाठवलं होतं. रोज सकाळी ती थर्मामीटर घेऊन बर्फाचा ताप बघते आणि गाड्यांना लागलेल्या वेळेशी ताडते. बर्फ कुठे रुसलाय, हे तिला लगेच कळतं.

त्या दिवशी बॉबस्लेची संघनिवड होती. पुण्याहून भेटायला आलेली आईही पिशवी घेऊन सुरुवातीच्या जागी उभी होती. शेजारच्या खोलीतली आयाका हिवाळाभर नेत्राची थालीपिठं खाऊन जोर काढत होती, तिची ही शेवटची संधी. पण पहिल्याच धावेत तिची गाडी सुरुवातीलाच अडखळली. आयाका खाली पोचली ती रडतच.

नेत्रा धावत सुरुवातीच्या जागी गेली. तिथला बर्फ थर्मामीटरवर भोवतालपेक्षा जास्त थंड, आणि हाताला मात्र ओला! तिला लहानपणचा आइस्क्रीमचा पॉट आठवला. बर्फात मीठ! तिनं वाकून पाहिलं, तर मोहरीचे दाणेही दिसले.

"आई!"

"अगं, किती जण त्या पोरीकडे टक लावून बघत होते! दृष्ट काढली. इथे विस्तव कुठाय? मग टाकलं बाजूला."

बाजूला म्हणजे नेमकं ट्रॅकवर. आता काय बोलावं? बर्फ आपोआप बिघडला असेल, तर झालेली धावच धरायची. कुणी बिघडवला असेल, तरच पुन्हा संधी, असा तिथला नियम. खरं सांगितलं तर नोकरीवर पाणी सोडावं लागणार. पण आयाकाचं रडवेलं तोंड तिला बघवेना.

"ओनो-सान, शर्यत थांबवा," ती ट्रॅकप्रमुखांना म्हणाली. "बर्फावर मीठ पडलंय. माझ्या आईनं टाकलं."

ओनो-सान क्वचितच हसत. त्यांनी मीठ कशासाठी, ते विचारलं. नेत्रानं मान खाली घालून सगळं सांगितलं. ते तिला आणि वीणाताईंना आपल्या खोलीच्या दाराशी घेऊन गेले. उंबऱ्याच्या दोन्ही बाजूंना बशीत मिठाचे छोटे ढीग होते.

"आमच्याकडेही वाईट दूर राहावं म्हणून मीठ ठेवतात," ते म्हणाले. "पण दाराशी."

खारट बर्फ खरवडून, पाणी घातलेला ताजा बर्फ लिंपून ती जागा गुळगुळीत करून झाली. नेत्रानं थर्मामीटर लावून मान डोलावली. आयाका पुन्हा धावली, आणि या वेळी तिची गाडी अशी सुटली की नेत्रा जपानी विसरून मराठीत ओरडली. आयाका संघात आली!

दुसऱ्या दिवशी ओनो-साननी बोलावलं, तेव्हा नेत्रानं सामान बांधायची मनाची तयारी केली होती. दाराशी मिठाची तिसरी बशी होती आणि मिठावर मोहरीचे चार दाणे.

"पुढच्या हिवाळ्यात येताना आईंनाही आणा," ओनो-सान म्हणाले. "मात्र पिशवी आधी माझ्याकडे द्यायची."