दस्तुरकाकांचे रुमाल

दस्तुरकाका पत्र कधी वरून वाचत नसत. कुणाचेही पत्र हाती आले की गुंडाळी खालच्या टोकाने उलगडायची, शेवटच्या ओळीवर नाक टेकेल इतके वाकायचे आणि विचारायचे, "दस्तुरखुद्द आहे का?" म्हणजे धाडणाऱ्याने स्वतःच्या हाताने लिहिले आहे का. त्यावरूनच कसबा पेठेत त्यांना हे नाव पडले. खरे नाव घेणारे कुणी उरले नव्हते.

आम्ही सरकारी दप्तराच्या फडावर बसून बोरू झिजवणारी माणसे, आम्हाला त्यांचा प्रश्न कळे. मजकूर सगळा कारकुनाने लिहायचा आणि अखेरचे 'बहुत काय लिहिणे' तेवढे धन्याने आपल्या हाताने लिहायचे, ही चाल. काका तो शेवटचा तुकडा चाकूने कापून घेत आणि वरचा मजकूर परत देत. "मजकूर कारकुनाचा, शेवट माणसाचा. मी माणसं जमवतो," असे ते म्हणत. एकदा एका सरदाराच्या दिवाणजींनी मोठ्या कौतुकाने हातभर पत्र आणून दाखवले. काकांनी तळ पाहिला, तोही कारकुनाचाच, आणि म्हणाले, "अहो, हे आपण वैद्यबुवांना द्या. चूर्णाच्या पुड्या चांगल्या होतील." दिवाणजी पुन्हा त्यांच्या ओट्यावर चढले नाहीत.

तुकडे ते रुमालात बांधून ठेवीत. दप्तर बांधतात तसेच तांबडे रुमाल, एकूण सात. एकात मुत्सद्दी, एकात शास्त्री, एकात शिलेदार. सावकारांच्या पेढीवर जाऊन पटलेल्या हुंड्याही मागून आणीत. पटलेली, पैसे चुकते झालेली हुंडी म्हणजे खोका, रद्दी कागद, सावकाराला तिचे काही नसते. काका मात्र तिच्याखालची सही बघत तासन्‌तास बसत. "हा माणूस सही करताना घाबरलेला होता. हा बघ, हात इथं थांबला," असे बोट ठेवून सांगत. मला निम्म्या वेळा काही दिसत नसे. मी "हो, हो" म्हणे आणि त्यांना ते कळे.

माझे थोरले बंधू, आमचे दादा, उत्तरेत एका पथकाचे कारभारी होते. त्यांच्या पहिल्या पत्राचा शेवट मीच काकांना कापून दिला होता. त्यावरून वहिनींनी मला चांगले फैलावर घेतले. "भाऊजी, घरातलं माणूस कापून लोकांना वाटता का?" मी हसलो होतो. तेव्हा हसण्यासारखे दिवस होते.

मग पानिपत झाले. पुण्यात असे घर उरले नाही, ज्याचे कुणी तिकडे नव्हते. सगळ्यात वाईट हे की बहुतेकांची नक्की बातमीच आली नाही. कुणी सांगे पडला, कुणी सांगे धरला गेला, कुणी सांगे गोसाव्याच्या वेषात हिंडताना पाहिला. बायका कुंकू लावताना आरशात पाहीनाशा झाल्या. आणि त्या दिवसांत उत्तरेकडून पत्रे येऊ लागली. काही खरी, काही लबाडांची. लोक ती घेऊन काकांच्या ओट्यावर येत. काका रुमाल सोडत, तुकडा काढत, ताडून पाहत आणि एका शब्दात सांगत. "त्यांचं." किंवा "नाही." नाही म्हणताना त्यांचा आवाज जराही बदलत नसे. एका म्हाताऱ्या आईने त्यांचे पाय धरले, हो म्हणा म्हणून. ते पाय सोडवून घेत म्हणाले, "मी हो म्हटल्यानं अक्षर बदलत नाही, आजी." मला तेव्हा त्यांचा राग आला होता.

भाद्रपदात आमच्याकडे पत्र आले. ग्वाल्हेरीहून, एका बैराग्याच्या हाती. जखमी होऊन धर्मशाळेत पडलो आहे, पायाने चालवत नाही, चिरंजीवांनी, म्हणजे मी, स्वतः नेण्यास यावे, असा मजकूर. अक्षर कारकुनाचे. खाली 'बहुत काय लिहिणे, हे आशीर्वाद.' वहिनी घराबाहेर पडत नसत, त्या दिवशी पत्र पदराखाली धरून स्वतः काकांकडे आल्या आणि उंबऱ्याशी उभ्या राहिल्या.

काकांनी दादांचा तुकडा काढला. दोन्ही शेजारी ठेवले. एरवी त्यांना पळभर पुरे असे. त्या दिवशी त्यांनी कागद उजेडाकडे धरला, खाली ठेवला, पुन्हा धरला. मग वहिनींकडे पाहिले. इतरांकडे ते कधी पाहत नसत.

"त्यांचं," ते म्हणाले. "दस्तुरखुद्द."

वहिनींनी तिथेच उंबऱ्यावर डोके टेकले. मी दसरा झाल्यावर निघालो.

ग्वाल्हेरीच्या धर्मशाळेत दादा नव्हते. दादांचा कारकून होता. मांडीची जखम सडलेली, अंगाला वास येत होता. मला पाहून त्याने तोंड भिंतीकडे फिरवले. दादा लढाईच्या दिवशीच पडले होते. त्याने डोळ्यांनी पाहिले होते. कूच घाईचे असले की धनी पाच-दहा कोऱ्या कागदांवर खाली शेवट लिहून कारकुनाच्या हवाली करीत, वर मजकूर त्याने मागाहून भरायचा. दादांचे असे तीन कागद त्याच्या दप्तरात राहिले होते. त्यातला एक त्याने भरला.

"असं का केलंत?" मी विचारले.

"कारकुनासाठी पुण्याहून कोण आलं असतं?" तो म्हणाला.

त्याला तिथेच टाकून निघावे असे मला वाटले. वाटले ते लिहितो, लपवत नाही. पण दोन दिवसांत तोच गेला. त्याला अग्नी मी दिला. सख्ख्या भावाला देता आला नाही आणि ज्याने आम्हाला फसवले त्याला दिला, हे ओझे परतीच्या वाटेवर सारखे माझ्याबरोबर होते. उरलेले दोन कागद मी नर्मदेत सोडले.

घरी पोचलो तो फाल्गुन लागला होता. वहिनी दारातच होत्या. मागे दुसरे कुणी येत नाही हे पाहून त्या काही न विचारता आत गेल्या. कारकुनाचे सगळे मी त्यांना रात्री सांगितले.

देह नसला तर पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. फाल्गुनात पळसाला पान नसते, नुसती लाल फुले. पत्रावळ्यावाल्याकडून मी गेल्या सालची सुकी पाने आणली. ती हातात मोडत होती. वहिनी म्हणाल्या, "पानांत त्यांचं काय आहे? त्यांच्या हातचं काही तरी त्यात जाऊ दे." घरातली जुनी पत्रे त्यांना द्यायची नव्हती, तीच आता त्यांची सोबत होती. म्हणून ग्वाल्हेरचे पत्र घेऊन त्या पुन्हा काकांकडे गेल्या. मी मागे उभा होतो.

"सहा महिने आपल्या शब्दावर कुंकू लावलं," वहिनी म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, आणि तेच ऐकवत नव्हते. "आपण चुकला नाहीत, काका. अक्षर त्यांचंच होतं. आता एवढं करा. वरचं खोटं कापून टाका. ते त्यांच्याबरोबर जायला नको."

काकांनी चाकू घेतला. हजार पत्रे कापलेला हात, पण त्या दिवशी कागद वाकडा फाटला. तुकडा त्यांनी वहिनींच्या ओंजळीत ठेवला. मग रुमाल सोडून दादांचा दुसरा तुकडा काढला, जो मी दिला होता तो, आणि तोही त्यावर ठेवला. काकांनी रुमालातून काही परत दिलेले मी त्यापूर्वी पाहिले नव्हते. पुण्यातल्याच ओंकारेश्वराच्या घाटावर पुतळ्याच्या छातीच्या जागी आम्ही दोन्ही ठेवले. सुकी पाने भसकन पेटली. अर्ध्या घटकेत सगळे संपले.

ही गोष्ट पेठेत पसरली आणि दुसरी घरेही येऊ लागली. ज्यांच्या घरी हातचे काहीच नव्हते, ते काकांकडे मागत. काका नाव विचारीत, रुमाल सोडत आणि देत. शिलेदारांचा रुमाल आधी रिकामा झाला. चाळीस वर्षांचा संग्रह वर्ष-दीड वर्षात नदीकाठी जळून गेला. ताडून पाहायला पत्र आणणाऱ्यांना मात्र ते परत पाठवीत. "मला आता दिसत नाही," म्हणत. डोळे त्यांचे शेवटपर्यंत लख्ख होते.

त्यांच्या अखेरच्या दुखण्यात मी रोज जात असे. एका सकाळी त्यांनी मला जवळ बसवून घेतले.

"तुझ्या दादाच्या पत्रात शाई दोन होत्या," ते म्हणाले. "खालची जुनी, विटलेली. वरची ताजी. मला दिसली होती."

मी त्यांच्या अंगावरचे पांघरूण सारखे केले.

"कोरे कागद मी स्वतः भरलेत रे, फडावर तीस वर्षं. शेवट आधी आणि मजकूर मागून, हे मला कुणी शिकवायला नको होतं. नुसतं अक्षर त्यांचं, एवढंच म्हणून थांबलो. शाईचं बोललो असतो तर... पण वहिनी उंबऱ्याशी उभ्या होत्या. सगळ्यांना नाही म्हटलं. एकदा मला हो म्हणायचं होतं." मग म्हणाले, "वहिनींना सांग. मी असेपर्यंत सांग. त्यांना काय बोलायचं ते बोलू देत."

मी वहिनींना सांगितले नाही. काका चार दिवसांनी गेले, वाट पाहत गेले. त्यांना वाटले असेल, मी त्यांची अब्रू राखली. तसे नव्हते. शाई मलाही दिसली होती, आणि काकांचे सांगितले असते तर माझेही सांगावे लागले असते. मीही फडावरचाच कारकून, आणि त्या भाद्रपदात माझ्या दप्तरात आमच्या धन्याचे चार कोरे कागद होते, खाली शेवट लिहिलेले.