उजव्या बाजूच्या नाड्या

भरवेलीवाली बाई पैसे घेत नसे, आणि याच गोष्टीवरून मला तिचा राग होता. मी आयुष्यभर घासाघीस करून जगले. बाजारात जमिनीवर चादर टाकून परकर विकले, मग टपरी घेतली, आज मध्य प्रदेशातल्या बालाघाटात माझं साड्यांचं आणि मॅक्सी-गाऊनचं दुकान आहे. सुरतच्या व्यापाऱ्याला मी फोनवर घाम फोडते. पण ज्या माणसाला पैसेच नकोत, त्याच्याशी भाव कसा करायचा? बाई बाळंतपणाला जाणाऱ्या पोरींसाठी गाऊन शिवायची. बदल्यात तिला एकच गोष्ट हवी असायची, तुमची जुनी सुती साडी. निदान दोन वर्षं नेसलेली, धुऊन धुऊन मऊ पडलेली. त्या साडीचा गाऊन ती दुसऱ्या कुणासाठी शिवायची, आणि तुम्हाला तिसऱ्याच कुणाच्या साडीचा मिळायचा. कुणाचा कुणाला, ते ती ठरवायची.

तिचा नवरा भरवेलीच्या मँगनीज खाणीत होता, तो लवकर गेला. मग ती एका दवाखान्यात आया म्हणून लागली आणि म्हातारी होईपर्यंत बाळंतिणींच्या खोलीतच राबली. निवृत्त झाल्यावर खाणीच्या कॉलनीतल्या आपल्या दोन खोल्यांत मशीन टाकून बसली. तिचं नाव मी कधी विचारलं नाही, तिनेही माझं विचारलं नाही. ती मला शेवटपर्यंत ‘दुकानवाली’ म्हणाली.

मी तिच्याकडे पहिल्यांदा गेले तेव्हा मला सातवा महिना लागला होता आणि वय चौतीस होतं. त्याच्या तीन वर्षं आधी माझा पहिला मुलगा जन्मताच गेला. त्या दिवसाचं दुःख मी कुणाला सांगत नाही, पण त्या दिवशीच्या गाऊनचं सांगते. पाठीमागून उघडा, दोनच बंद, त्यातला एक तुटलेला. मला एका खोलीतून दुसऱ्या खोलीत चालत नेलं, तेव्हा व्हरांड्यात लोकांचे नातेवाईक डबे उघडून बसले होते. एका हाताने पोट धरायचं की मागून गाऊन, हे मला कळत नव्हतं. मागे धरायला माझं बाईमाणूस कुणी नव्हतं. आई आधीच गेलेली, सासूबाई बाहेर फाटकाशी बसलेल्या. भिंतीपलीकडे राहणारी माझी मोठी जाऊ ‘मी येते, तू भिऊ नको’ म्हणाली होती. ती आली नाही. त्या दिवसापासून मी तिच्याशी बोलणं टाकलं. तीन वर्षं तिच्या कुकरच्या शिट्ट्या ऐकल्या, पण तोंड पाहिलं नाही.

तर बाईकडे जाताना मी दुकानातली सगळ्यात चांगली सुती साडी घडीसकट नेली. तिने ती उलगडली, गालावर घासली आणि परत माझ्या मांडीवर ठेवली.

“ही साडी नाही, माल हाय. घरी ने.”

“अहो बाई, पाहा तरी, याचा पोत कसा आहे!”

“पोत तू पाह्य. मले घाम लागलेली पाह्यजे. तुया कपाटात जुनं काहीच नाही का व?”

नव्हतं. मी जुनं काही ठेवतच नसे. गरिबीतून वर आलेल्या बाईला जुन्या कपड्याची भीती वाटते. हे मी तिला सांगितलं नाही, पण तिला कळलं असावं. “बरं, नसंल तर नसंल. गाऊन तर घालशीनच,” म्हणाली आणि मला खाली बसवलं.

तिची माप घ्यायची तऱ्हाच निराळी होती. टेप नंतर. आधी जमिनीवर मांडी घालायची, मग डाव्या कुशीवर निजायचं, मग उठायचं, मग कोपऱ्यातल्या लोखंडी पेटीवर चढायचं, कारण दवाखान्यातलं टेबल उंच असतं आणि कळ येते ती पायरीवरच. “गाऊन उभ्यानं पाह्याची वस्तू नाही,” ती म्हणायची. “उभी तं कोनबी साजरी दिसते.” बटण तिला चालत नसे, कुशीवर निजलं की रुततं म्हणून. गाऊन पुढून उघडा, वर एक पदर दुसऱ्यावर येणारा, आणि नाड्या उजव्या बाजूला, म्हणजे डाव्या कुशीवर निजल्यावर गाठ वर राहते. खांद्यावरही नाड्या, सलाईन लागलेला हात न हलवता बाही सोडता यावी आणि नंतर मूलही छातीशी घेता यावं. गाठ अशी की एका बोटाने सुटेल.

मी म्हटलं, “रंग तरी गडद द्या, मरून. डाग दिसणार नाहीत.”

“रक्त लपवाले चालली का तू? किती जाऊन राह्यलं ते डाक्टरीनले दिसलं पाह्यजे. फिकाच भेटन.”

पंधरा दिवसांनी गाऊन आणायला गेले. तिने घडी उलगडली आणि माझं डोकं फिरलं. फिकट पिवळ्यावर बारीक हिरवी पानं. मी माणसांचे चेहरे विसरते, छपाई विसरत नाही. ती साडी माझ्या दुकानातली, माझ्या जावेची होती. बोलणं होतं तेव्हा मीच तिला संक्रांतीला दिली होती.

“ही तुमच्याकडे कशी आली?”

“जशा साऱ्या येतात तशी. आनून देल्ली तिनं.”

माझ्या जावेला मूल नव्हतं. लग्नाला चौदा वर्षं झाली होती. आणि मी त्या रागात जे बोलले ते लिहायची आज लाज वाटते, पण लिहिते. मी म्हटलं, “आधीच माझं एक गेलंय. आता मी वांझेच्या साडीत बाळंत होऊ?”

बाईने मशीनवरचा पाय उचलला. ओरडली नाही. गाऊनची घडी घातली, फार सावकाश, जशी बाळाच्या दुपट्याची घालतात. “कापडाले तुमचं भांडन ठाऊक नाही, पोरी,” एवढंच म्हणाली. मी गाऊन तिथेच टाकला आणि ऑटोत बसून घरी आले. रस्ताभर मी तिलाच शिव्या देत होते. एवढ्या बायकांच्या साड्या असताना नेमकी तीच? मुद्दाम केलं हिने!

दवाखान्यात जायची वेळ आली तेव्हा मी दुकानातली सगळ्यात महाग मॅक्सी घातली. सॅटिनची, मरून, बाहीला लेस. मला वाटलं, या वेळी मला कुणी बेवारस समजणार नाही. ऊन वर चढलं तशा कळा वाढल्या आणि ती मॅक्सी घामाने अंगाला चिकटली. टेबलाच्या पायरीवर पाय ठेवला तर घोट्यात अडकली. नर्स रक्तदाब मोजायला आली, तर बाही कोपराच्या वर जाईना.

“ये किसने पहनाया इनको? शादी में आई हैं क्या?” ती म्हणाली, आणि कात्री घेऊन तिने बाही खांद्यापर्यंत कापली. फाटलेल्या लेसकडे पाहत मी रडू लागले. तिला वाटलं मॅक्सीसाठी रडते आहे. मला तो जुना व्हरांडा दिसत होता.

तेवढ्यात दारातून आवाज आला, “सिस्टर, हा घाला तिला. भरवेलीच्या बाईंनी पाठवलाय.” जाऊ उभी होती. हातात तो पिवळा गाऊन.

“आप कौन?”

“मोठी जाऊ मी तिची.”

माझ्यात भांडायची ताकद नव्हती. तिने गाऊन चढवला, उजवीकडच्या नाड्या बांधल्या, मला डाव्या कुशीवर वळवलं आणि कमरेवर हात ठेवला. ते कापड अंगाला लागलं तसा माझा श्वास जागेवर आला. तरी मी मीच. दोन कळांच्या मधे विचारलंच, “तेव्हा काहून नाही आलीस?”

नाड्या सारख्या करत ती म्हणाली, “आलती. दवाखान्याच्या फाटकापर्यंत आलती. सासूबाई म्हणाल्या, तुझं पाऊल नको आत. मी उन्हात उभी होती. मग ते लहानगं गेल्याचं कळलं, आणि मले वाटलं, फाटकापर्यंत आली हेच चुकलं.”

तीन वर्षं ती भिंतीपलीकडे हे घेऊन बसली होती. मी तिचा हात घट्ट धरला. नर्सला वाटलं कळ आली. आलीही. तासाभरात माझी मुलगी झाली, आणि तिला पहिल्यांदा कुशीत घेतलं ते माझ्या जावेने.

सव्वा महिना झाल्यावर मी मुलीला घेऊन भरवेलीला गेले. पाया पडायला नाही, भांडायला. “तुम्हाला जावेकडून सगळं ठाऊक होतं. मला सांगितलं काहून नाही?”

बाईने मुलीचं झबलं उलटं करून आतली शिवण तपासली. “सांगतलं असतं तं तू भाव केला असता. म्हटली असती, आधी तिनं याव, आधी तिनं बोलाव. तुयासारखीसंगं बोलून जमत नाही. तुले आंगालेच लागलं पाह्यजे.”

या बोलण्याचा राग मला अजून आहे.

पुढची बारा वर्षं मी तिच्या मागे लागले. म्हटलं, तुमचा गाऊन मी दुकानात ठेवते, चार पोरी शिवायला बसवू. तिचं एकच उत्तर, “दुकानात बाई उभी राह्यते. बसत नाही.” दरवर्षी मी तिच्याकडे माझी एक साडी न्यायची. ती गालावर घासायची आणि परत करायची, “अजून कडक हाय.” जावेची मात्र प्रत्येक साडी घ्यायची. माझ्याच डोळ्यांदेखत!

मागच्या वर्षी बाई अंगणात पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. बालाघाटच्याच दवाखान्यात तिला आणलं. मी भेटायला गेले आणि दारातच थबकले. तिच्या अंगावर तोच पाठीमागून उघडा गाऊन. आयुष्यभर ज्या गोष्टीपासून तिने आम्हाला वाचवलं, ती तिच्याच नशिबी आली होती. मी सरळ घरी आले. पहिल्या भेटीत तिने परत केलेली ती साडी मी इतकी वर्षं नेसत होते; तिच्यावरच्या रागानेच नेसत होते म्हणा. जावेने ती कापली, मी तिचा गाऊन शिवला.

दुसऱ्या दिवशी बाईने ते कापड गालावर घासलं. घासतच राहिली. परत दिलं नाही. मी वाट पाहत होते, आता काही म्हणेल. ती म्हणाली, “नाड्या डावीकडं काहून?”

“तुमचं उजवीकडचं हाड मोडलंय. तिकडे गाठ नको म्हणून.”

“मी निजतो डाव्या कुशीवर. गाठ खाली येते ना.”

“अहो, पण ऑपरेशन उजवीकडे आहे!”

“तुले शिकवलं काय आन् तू शिवलं काय, व दुकानवाली!”

आमचा आवाज इतका चढला की नर्सने मला बाहेर काढलं. मलाजखंडला तांब्याच्या खाणीत नोकरीला असलेला तिचा मुलगा नंतर तिला तिकडे घेऊन गेला. ती गाडीत बसली तेव्हा मी निरोप द्यायला गेले नाही. रुसले होते.

महिन्याभराने मुलगा दुकानात एक पिशवी ठेवून गेला. आत माझा गाऊन, धुतलेला, घडी केलेला. निरोप एवढाच होता, आता एखाद्या पोरीले देता येते. मी तो उलगडला. डावीकडे माझ्या शिवणीची भोकं तेवढी उरली होती. नाड्या उजव्या बाजूला होत्या, बारीक, जवळजवळ, हातटाक्यांनी लावलेल्या. खाटेवर पडल्या पडल्या तिने माझ्या सगळ्या नाड्या उसवल्या होत्या आणि पुन्हा लावल्या होत्या. जाऊ हसायला लागली आणि हसता हसता तिने डोळ्यांना पदर लावला. त्यानंतर थोड्याच दिवसांत बाई गेल्याचा फोन आला.

मी दुकानातले दोन रॅक काढून तिथे सतरंजी घातली आहे. परवा एक पोटुशी पोर आली, तिला काचेतली सॅटिनची मॅक्सी हवी होती. मी म्हटलं, “पहले नीचे बैठ.” ती घाबरून बसली. मग कुशीवर निजली, उठली, स्टुलावर चढली. माझ्या साडीचा तो गाऊन मी तिला दिला.

“आंटी, कितने का है?”

माझं तोंड सवयीने उघडलं. मग मिटलं. “घर में कोई पुरानी साड़ी है? वही ला.”

ती हसत गेली. मी मात्र सतरंजी झटकताना पुन्हा चिडले. बारा वर्षांनी बाईने माझी साडी घेतली, माझ्या नाड्या दुरुस्त केल्या, पण चांगला शिवलास असं एकदाही म्हणाली नाही. ते मी विसरलेले नाही.