चाळीस पोहरे

"ही विहिरीला जेवढं जपते तेवढं हिनं मला कधी जपलेलं नाही," असं आमचे काका, म्हणजे मावशीचे यजमान, तिच्यासमोरच सांगतात. ती नाही म्हणत नाही.

परसातल्या त्या विहिरीला कमरेइतका कठडा आहे, वर लोखंडी जाळी आणि जाळीला कुलूप. किल्ली मावशीच्या कमरेला. कठड्यापासून दहा पावलांच्या आत साबण आणायचा नाही, चपला घालून फिरकायचं नाही. शेजाऱ्यांनी संडासाचा शोषखड्डा खणायला घेतला, तेव्हा ही गवंड्याचा टेप घेऊन त्यांच्या भिंतीवर चढली होती. खड्डा शेवटी त्यांच्या पुढच्या अंगणात गेला. शेजारीण अजून बोलत नाही, आणि मावशीचं त्यावाचून काही अडलेलं नाही.

एवढ्यावर भागलं असतं तर बरं होतं. पण किल्ली हातात देताना सासऱ्यांनी सांगितलं होतं, "रोज चाळीस पोहरे उपसायचे. पाणी थांबलं की कुजतं." तेव्हा घरात नऊ माणसं होती, चाळीस पोहरे दुपारपर्यंत संपायचे. पुढे नळ आला, माणसं पांगली, राहिली दोघं. पिण्याला दोन पोहरे पुरतात. उरलेले अडतीस मावशी गेली एकवीस वर्षं काढते आणि पेरूच्या बुंध्यात नाहीतर गटारात ओतते. पेरूला एव्हाना पाण्याचा वीट आला असेल. काकांनी पंपाचं नाव काढलं की तिचं उत्तर तयार, "पंपाचं तेल पाण्यात उतरतं."

त्यामुळे ती कुठे राहायला जात नाही. लग्नाला सकाळी येते, जेवून निघते. तिची आई, म्हणजे माझी आजी, शेवटची आजारी पडली तेव्हा नेमकी विहिरीत गाळ काढायला माणसं उतरली होती. "गाळ अर्धवट सोडून चार दिवस उपसा बंद ठेवला तर सगळं पाणी नासेल. दोन दिवसांत येते," असं मावशीनं कळवलं. आजीनं दीड दिवस वाट पाहिली. माझी आई त्यावरून तिला कधी बोलली नाही. मला मात्र त्या विहिरीचा राग आहे आणि तो मी लपवतही नाही.

या वर्षी आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि मावशी खरंच आली. किल्ली पहिल्यांदाच काकांच्या ताब्यात देऊन दहा दिवस राहिली. सुरुवातीला रोज फोन, "काढलेत का हो चाळीस?" काका म्हणायचे, "काढले." तिसऱ्या दिवसापासून तिनं विचारणं सोडलं. दोघी बहिणी खाटेवर बसून फिदीफिदी हसायच्या. मावशीचा एक दात पडलाय, हे मला तेव्हा कळलं. निघताना आई म्हणाली, "ताई, वर्षातले चार महिने इकडेच येत जा ना. भावजींनाही आण." मावशी म्हणाली, "बघते." एवढं तरी ती आजवर कुणाला म्हणाली नव्हती. आईचे डोळे भरून आले.

मी मावशीला पोचवायला गेले. दारातच काकांनी कबूल करून टाकलं. "खोटं बोललो गं. एकही पोहरा काढला नाही. खांदा धरलाय माझा. नळाचंच पाणी प्यालो."

मावशी हातातली पिशवी न ठेवताच परसात गेली. कुलूप काढलं, जाळी उचलली, पोहरा सोडला. पाणी वर आल्यावर तिनं ओंजळीत घेऊन वास घेतला, चूळ भरली. मीही पेला भरून प्याले. गार आणि गोड होतं. दहा दिवस कुणी हात लावला नव्हता, तरी.

मला आनंदच झाला. सुटली एकदाची, असं वाटलं. मग तिचा चेहरा पाहिला. पाणी आता नासलं नव्हतं, म्हणजे आजीच्या वेळीही नासलं नसतं. हे तिला माझ्याआधी कळलं होतं.

"वास येतोय," ती म्हणाली.

"तुझं आपलं काहीतरीच," काका मागून म्हणाले.

"येतोय. कुजट वास येतोय." तिचा आवाज चिरकला. तिनं माझा दंड घट्ट धरला. "तू सांग गं यांना. येतोय ना?"

आई तिकडे चार महिन्यांची वाट बघत बसली होती. रिकामा पेला माझ्या हातात होता.

"हो मावशी," मी म्हणाले. "येतोय."