धुराच्या तक्रारीची पोच

आमच्या घराण्याचा आजवर एकही अर्ज मंजूर झालेला नव्हता, पण एकाचीही पोच हरवलेली नव्हती.

ही परंपरा बाबांची. बाबा सायकलच्या कॅरियरवर साड्यांचं गाठोडं बांधून शिरपूर, केनवड, किन्हीराजा असे बाजार करायचे, आणि उरलेल्या वेळात अर्ज करायचे. "तोंडानं भांडू नको बाबू," ते मला सांगायचे. "लिहून दे, अन् पोच घे. बोलल्याले कोनी बी नाई म्हनते, शिक्क्याले नाई म्हनता येत नाई!" त्यांनी विजेच्या खांबासाठी अर्ज केला, हातपंपासाठी केला, बसथांब्यासाठी केला. (थांबा झाला. पण दुसऱ्याच कुणाच्या तरी अर्जावर!) सगळ्या पोचा एका पत्र्याच्या पेटीत जपलेल्या. बाबा गेले तेव्हा माझ्या वाट्याला दोन गोष्टी आल्या: ती पेटी आणि रस्त्यावरचं साड्यांचं दुकान.

दुकानाची मात्र मी चेष्टा करत नाही. बाबांच्या आधी आमच्या घरातल्या कुणी दुकानात आत बसून माल विकला नव्हता. बाहेर उभं राहून घेतलाच काय तो. बाबांनी ते उभं केलं आणि पांढऱ्या साडीसाठी पंचक्रोशीत नाव कमावलं. एप्रिलमध्ये जयंती, पुढे बुद्धपौर्णिमा, मधल्या काळात लग्नं; आमच्या बौद्ध समाजात या सगळ्यांना पांढरी साडी लागते. त्यामुळे मार्चअखेरीस आमचं दुकान खालपासून वरपर्यंत पांढरंशुभ्र असतं, आणि वर्षभराची चूल त्या दोन महिन्यांच्या विक्रीवर चालते. अशा ऐन मार्चमध्ये शेजारच्या मोकळ्या जागेत संतोषने फॅमिली रेस्टॉरंट उभं केलं!

संतोष आमच्याच गावच्या एका शेतकऱ्याचा मुलगा. दहा वर्षं पुण्यातल्या हॉटेलांत स्वयंपाक करून परतला, तो भलीमोठी तंदूर भट्टी घेऊनच. मी सरळ त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

"संतोष, हे भट्टी माह्या भिंतीले लागून काहून?"

"काका, चिमनी लावतो ना. धूर वर जाते."

"वर जाते, अन् मंग? तिथंच राह्यते का?"

"हवेत जाते, काका."

"अन् हवा कोनाकडं येते? माह्याकडं! पांढरी साडी हाय बाबू. नवरी मांडवात आली अन् वासानं सारे पावने जेवाले उठले त?"

संतोष हसला. तिथेच माझं डोकं फिरलं.

"काका, पयले धूर निंगू त द्या. निंगाला त सांगजा."

"निंगाल्यावर सांगनारा मी नोहोय! मी निंगायच्या आधी लिहून देनारा मानूस हाय!"

दुसऱ्याच दिवशी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर कागद लागला. सदर रेस्टॉरंटला परवानगी देण्याबाबत कुणाची हरकत असल्यास लेखी कळवावे. हरकत असल्यास! लेखी! इतकं प्रेमाचं आमंत्रण आमच्या घराला आजवर कुणी दिलं नव्हतं. मी त्या रात्री सतरा मुद्द्यांचा अर्ज लिहिला. धूर, वास, माशा, गाड्यांची गर्दी, सगळं आलं. माझ्या बायकोने, शीलाने, तो चष्मा लावून वाचला.

"हे मुद्दा अकरा काय हाय? 'गिऱ्हाईक साडी घ्यायला येईल आणि भजी खाऊन परत जाईल'?"

"काहून? खोटं हाय का?"

"खोटं नाई. पन तसं गिऱ्हाईक गावात एकच हाय, अन् ते माह्यासमोर बसून हाय."

बायकोच्या टीकेने खचणारा मी नव्हे. सह्या गोळा करायला निघालो. लोक भले. कुणी नाही म्हणालं नाही.

"कायची सही हाय भाऊ?"

"हॉटेलच्या विरोधात."

"अरे वा! कधी सुरू होऊन राह्यलं?" असं विचारत प्रत्येकाने आनंदाने सही केली. मी अर्ज दिला, पोच घेतली, पेटीत ठेवली. आमच्या घरच्या रिवाजाप्रमाणे विषय इथे संपायला हवा होता.

पण आठवड्याने चक्क उत्तर आलं! 'स्थळ पाहणीसाठी पंच येतील, अर्जदाराने हजर राहावे.' मी ते मायला मोठ्याने वाचून दाखवलं. मायने वळून बाबांच्या फोटोकडे बघितलं.

"आपल्या अर्जावर लोकं येऊन राह्यले?"

"हो माय."

"खरंच?" तिने डोळ्याला पदर लावला. मग ती एकदम म्हणाली, "मंग जेवाले काय करतं?"

"माय, ते पंचनाम्याले येऊन राह्यले, पंगतीले नाई!"

"त का उपाशी पंचनामा करतीन? तुहा बाप जिंदगीभर अर्ज लिहून थकला, एक मानूस दारात आला नाई. आता चार लोकं येऊन राह्यले, त मी त्याइले कोरड्या तोंडानं धाडू? रोडगे करीन मी!"

आमच्याकडे पाहुण्याचा खरा मान रोडग्याने होतो. कणकेचे जाडजूड गोळे, गोवऱ्यांच्या आरात भाजायचे, फोडून तुपात बुडवायचे, सोबत वरण आणि वांग्याची भाजी. मी त्याच वेळी विरोध करायला हवा होता. सतरा गोष्टींना विरोध करणाऱ्या मला ही अठरावी सुचली नाही! उलट मनात म्हटलं, एवढं तूप पोटात गेलेला माणूस अर्जदाराच्या विरुद्ध लिहूच शकत नाही. (लाच नव्हे. पाहुणचार!) "पंधरा लोकाइचे कर," मी ऐटीत सांगितलं. ती ते घरी, वस्तीतल्या अंगणात करणार, हे मी गृहीत धरलं होतं.

पाहणीच्या दिवशी मी इस्त्रीचा सदरा घातला. नुसत्या शब्दांवर पंचांचा विश्वास बसणार नाही म्हणून दुकानातली सर्वांत पांढरी साडी काढून समोरच्या दोरीवर लांबच लांब पसरली. किती नाजूक माल आहे हे त्यांच्या डोळ्यांना दिसायला हवं होतं. अकराच्या सुमारास पंच आले. सरपंचबाई, दोन सदस्य, आणि वहीखाली पुठ्ठा धरलेले ग्रामसेवक. ग्रामसेवक नाशिककडचे, बदलीवर आलेले, अत्यंत नियमाचे गृहस्थ. संतोषही हात बांधून उभा होता.

मी घसा साफ केला. "मुद्दा एक. धूर!"

आणि खरोखर धूर आला! त्याच्या शेडच्या आणि माझ्या दुकानाच्या मधल्या बोळातून, पिवळट, दाट, लोटच्या लोट. आयुष्यात माझ्या शब्दाला असा मान कधी मिळाला नव्हता.

"पाहा साहेब! परवानगी भेटली नाई तरी यानं भट्टी पेटवली!"

"काका, भट्टीचं खोकं अजून खोललं नाई मी," संतोष म्हणाला.

"मंग हे काय हाय? धुकं? मार्च महिन्यात?"

सरपंचबाईंनी नाकाला पदर लावला. ग्रामसेवक खोकत म्हणाले, "धूर आहे खरा."

"नुसता हाय म्हनू नका साहेब. 'दाट' लिहा!"

"दाट," त्यांनी लिहिलं.

"डोळे चुरचुरून राह्यले का नाई?"

"चुरचुरतात."

"लिहा!"

एवढ्यात शीला दुकानाच्या दारातून हातवारे करू लागली. "अहो, आयका त..."

"थांब! पंचनामा चालू हाय!"

"अहो, पन तो धूर..."

"मुद्दा चार!" मी आवाज चढवला.

मुद्दा चार साडीचा होता. मी दोरीकडे हात केला आणि सगळ्यांनी तिकडे पाहिलं. साडी काळ्या ठिपक्यांनी भरली होती. "पाहा! तुमच्या डोळ्यासमोर नास झाला!" मी ओरडलो. ग्रामसेवकांनी 'साडीवर काजळी पडली' असं लिहिलं. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, काही धुराचं, काही आनंदाचं. बाबांच्या पेटीतल्या सगळ्या अर्जांचा मी एकट्याने वचपा काढत होतो!

"आता धुराचा उगम पाहावा लागेल," ग्रामसेवक म्हणाले. "नियम आहे."

"चला, मीच दाखवतो!" म्हणत मी पुढे झालो. सगळ्यांना संतोषच्या शेडमागे नेलं. तिथे भट्टी होती. खोक्यात होती. खोक्यावर एक मांजर झोपलं होतं. आणि धूर आमच्या मागून येत होता.

"प्रकाशभाऊ, हा त तिकडून येऊन राह्यला," सरपंचबाईंनी माझ्याच दुकानाच्या मागच्या भिंतीकडे बोट दाखवलं.

भिंतीमागे माय होती. समोर गोवऱ्यांचा ढीग, हातात फुंकणी, चेहरा घामाने आणि अभिमानाने चमकत होता.

"या, या! बरोबर टायमावर आले. होऊनच राह्यले."

"माय! तू घरी करनार होती ना?"

"घरून इथं आनेपर्यंत थंडे नाई का होत? पावन्याले थंडा रोडगा देऊ? अवकाळीनं गोवऱ्या भिजल्या बाप्पा, जरा धुपून राह्यल्या."

जरा!

"मी तेच सांगून राह्यली होती," शीला मागून म्हणाली. "पन तुमी मुद्दा चारवर होते."

ग्रामसेवकांनी पेन उचललं, माझ्याकडे बघितलं, आणि फार हळू विचारलं, "उगम काय लिहू?"

मी बाबांचा मुलगा. मान खाली घालणं आमच्यात नाही. "जे दिसते ते लिहा!" मी म्हणालो. त्यांनी लिहिलं.

यानंतर पंच निघून गेले असते तर थोडी अब्रू वाचली असती. पण माय त्यांना सोडते होय! बसवायचं कुठे, हा प्रश्न आला तेव्हा संतोषने आपल्या रेस्टॉरंटच्या कोऱ्या टेबलखुर्च्या बाहेर काढल्या. माय म्हणाली, "संतोष, तू बी बस रे. भांडन अर्जात हाय, ताटात नाई." अशा रीतीने त्या रेस्टॉरंटची पहिली पंगत त्याच्या विरोधकाच्या खर्चाने उठली. मी एकटा तत्त्वाने उभा राहिलो. तूप वाढायला आलं तेव्हा बसलो. पण हरकत कायम ठेवून जेवतो आहे, हे मी प्रत्येक रोडग्याच्या वेळी सगळ्यांना बजावून सांगत होतो. (चार वेळा.)

हसू ओसरलं ते दुपारी, शीलाने कपाटं उघडल्यावर. दोरीवरची साडी गेलीच होती, पण आतल्या सगळ्या गठ्ठ्यांना धुराचा वास लागला होता. जयंती दोन आठवड्यांवर. मी गल्ल्यावर डोकं धरून बसलो. बाबांनी एवढ्या वर्षांत कमावलेला पांढरा रंग मी एका सकाळी रोडग्यांवर घालवला, याचं फार वाईट वाटलं. एवढ्यात संतोष आला.

"काका, माह्या हॉलमधी साड्या टांगा. फरशी धुतली हाय, पंखे नवे हायेत. वास उडून जाईन."

"तुह्यं उद्घाटन?"

"परवानगी कुठं हाय अजून?" तो म्हणाला. "हरकत हाय ना एका मानसाची."

पाच दिवस त्याच्या नव्याकोऱ्या हॉलमध्ये भिंतीपासून भिंतीपर्यंत दोऱ्यांवर आमच्या साड्या वाऱ्यावर हलत होत्या. गावात त्यावेळी धुराचा मागमूस नसलेली तीच एक जागा होती! बायका तिथेच येऊन साड्या बघू लागल्या, खुर्च्यांवर बसून दर करू लागल्या. जयंतीपर्यंत एक सोडून सगळ्या साड्या विकल्या गेल्या. मी संतोषला स्पष्ट सांगितलं, "उपकार मानतो. पन हरकत मांगं घेत नाई!"

"घेऊ नका काका," तो म्हणाला. "त्याच्यामुळं त रोडगे भेटले."

मग ग्रामसभा झाली. माय पहिल्या रांगेत बसली होती. ग्रामसेवकांनी माझा अर्ज हातात घेतला आणि वाचलं, "अर्जदाराची धुराबाबतची हरकत जागेवर तपासली असता पूर्णपणे खरी आढळली. सबब, हरकत मंजूर."

मंजूर! मी खुर्चीवरून उडालो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मायने तिथूनच आकाशाकडे पाहून बाबांना "आयकलं का जी?" म्हटलं. ग्रामसेवकांनी शांतपणे पान उलटलं. "चिमणीच्या अटीवर रेस्टॉरंटला परवानगी देण्यात येते. तसेच साड्यांच्या दुकानालगत उघड्यावर गोवऱ्या पेटवून धूर करण्यास सक्त मनाई करण्यात येते. आदेश धूर करणाऱ्यास बजावावा." या वेळी टाळ्या दुप्पट झाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रामसेवक आदेशाचा कागद घेऊन दुकानात आले. सरकारी कागद दिसताच माझा हात सवयीने पुढे गेला. "पोच?"

त्यांनी त्या हातात पेन ठेवलं. "प्रकाशभाऊ, या वेळची पोच तुम्ही द्यायची."

मी सही केली. खाली ठसठशीत अक्षरात 'हरकत कायम' असं लिहिलं, आणि झेरॉक्स काढून बाबांच्या पेटीत सगळ्यात वर ठेवली. आमच्या घराण्याचा पहिला मंजूर अर्ज आहे तो. माझ्याच विरुद्ध मंजूर झाला म्हणून काय झालं!