स्पीकरला धाप लागत नाही

भांगलायला बसलं की तणापेक्षा किस्सेच जास्त निघतात. तण बांधावर टाकलं की वाळतं. किस्से मेले हिरवेच राहतात, वर दरसाल नवे उगवतात!

परवा सांगलीहून माझ्या भाचीचा, नंदाचा, फोन आला. "मावशी, सकाळी फिरताना गाणी ऐकायला तो छोटा स्पीकर घ्यायचाय. तुमच्या टोळीत आहे ना? कसा आहे?"

आता 'कसा आहे' हे एका शब्दात सांगायला मी काय दुकानदार आहे? मी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. खताच्या पोत्यावरची अक्षरं जुळवत वाचायला शिकले आणि त्याच पोत्यावर कोळशाने गिरवत लिहायला. म्हणून बायका मला मास्तरीण म्हणतात. वापरल्याशिवाय मी मत देत नाही, आणि दिलेलं मागे घेत नाही. तर ऐक, नंदे.

*

आमची भांगलणीची टोळी इस्लामपूरच्या बाजूची. टोळीच्या पुढे सोना. ती ओळ सांगायची, आम्ही मागनं झील धरायची, आणि त्या तालावर सगळ्यांची खुरपी चालायची. कुठल्या रानात गेलो तरी बांधावरची माणसं आधी विचारायची, "सोना आलीय न्हवं?"

माझा नातू फौजेतनं सुट्टीवर आला तो हा स्पीकर घेऊन. मुठीएवढा डबा, गळ्यात अडकवायला दोरी. पहिल्या दिवशी सोनाने त्याला जवळ धरलं, गाणं संपेपर्यंत ऐकलं.

"बेस हाय," म्हणाली. "ह्येला धाप लागत न्हाई."

आणि त्या दिवसापासून तिने आपलं गाणं थांबवलं. रुसली असती तर रुसवा काढला असता. ही हसून थांबली. त्याला काय करायचं?

*

नातू म्हणाला होता, "आजी, पाण्यात पडला तरी काही होत नाही." आमच्या कमळीला हे खरं करून बघायचंच होतं. तिने डबा सरळ पाटात सोडला!

पाटाला पाणी लय. डबा बुडाला नाही, बंदही पडला नाही. लग्नातलं गाणं वाजवत खाली निघाला. काठाने आम्ही सगळ्या म्हाताऱ्या फोन हातात धरून, लुगडी खोचून मागे. पुढे एक बाप्या म्हशी धूत होता. तो बघतच राहिला.

"काय चाललंय गं आक्का?"

कमळी धावता धावता ओरडली, "वरात हाय! नवरा पुढं गेलाय, धरा त्येला!"

पाण्याच्या परीक्षेत पास, असं लिहून ठेव.

*

आवाजाचं म्हणशील तर उघड्या रानात तो विरून जातो. मग आम्ही तो रिकाम्या घमेल्यात ठेवायला लागलो. घमेल्यात ठेवला की दुप्पट वाजतो! फोन मात्र जवळ लागतो. माझा फोन बांधावर, भाकरीच्या गठुड्यात. आमच्या भांगलायच्या पाती पुढे सरकल्या की गाणं अडखळायला लागायचं. मग एकीने उठायचं, गठुडं उचलायचं आणि बांधाने पुढे नेऊन ठेवायचं.

सोना म्हणाली, "माझ्या वक्ताला मला कुनी उचलून न्हेलं न्हाई गं!"

हसलो आम्ही. तेव्हा नुसत्या हसलो.

*

रानाचा मालक बापू. त्यानेही एकदा आपला फोन या डब्याला जोडून भजन ऐकलं होतं. डब्याने ती ओळख धरून ठेवली. माझा फोन बंद असला आणि बापू बांधावर आला की डबा आपला बापूचा!

एकदा बापूने घरी फोन लावला, आणि घमेल्यातनं त्याची बायको बोलायला लागली. "आवं, बायकांना च्या कोरा धाडू का दुदाचा?"

बापूला काही ऐकू येईना. तो फोन कानाला दाबून ओरडतोय, "हॅलो, ऐकाय येतंय का? च्या कोराच धाड! त्या मास्तरणीला तेवढा दुदाचा दे, न्हाई तर गावभर बोंबलंल!"

मी घमेल्यात तोंड घालून सांगितलं, "वैनी, बोंबलतेच हाय! सगळ्यांस्नी दुदाचा धाडा!"

तेव्हापासून बापूच्या रानात कोरा चहा आलेला नाही. डब्याचा एवढा उपकार मी मानते.

*

आता खोट सांगते. भुईमूग कोवळा होता. कमळीने धांगडधिंग्याचं गाणं लावलं. गाणं पळायला लागलं, तशी खुरपी पळायला लागली. पात लवकर संपली म्हणून आम्ही खूश. बापूने वाकून बघितलं आणि डोक्याला हात लावला.

"अगं बायांनो, तण तसंच हाय, भुईमूग तेवढा काढलासा की!"

सोनाच्या वेळी असं कधी झालं नव्हतं. कोवळं पीक असलं की ती जात्यावरची लांबलचक ओळ काढायची. चिवट हरळी असली की ठसक्याची. कुणी मागे राहिली की तीच ओळ परत म्हणायची, तिची पात बरोबरीला येईपर्यंत. मागे राहिलेलीला कधी कळायचंही नाही, की सगळी टोळी तिच्यासाठी थांबलीय.

डबा मागे वळून बघत नाही, नंदे.

*

चार्जिंग संपत आलं की त्यातनं एक बाई इंग्रजीत काहीतरी सांगते आणि गप होते. मग रान एवढं शांत होतं की खुरप्यांचा आवाज येतो. तशात आम्ही सगळ्या हळूच सोनाकडे बघायचो.

ती मान वर न करता म्हणायची, "माज्याकडं काय बघतायसा? माजं चार्जिंग कवाच उतारलंय."

*

यंदा पेरणीआधी सोनाचा मुलगा आला. त्याचं लांब मुलखात सोनं आटवायचं, गलाईचं दुकान आहे. "आता रानात राबू नको, आई," म्हणाला आणि घेऊन गेला. जाताना तिने खुरपं माझ्या हातात दिलं.

मागच्या आठवड्यात भांगलत होतो. गाणं मध्येच थांबलं आणि घंटी वाजायला लागली. कमळीने डब्याचं बटण दाबलं, तर घमेल्यातनं सोना!

"मास्तरीण हाय का गं?"

सगळ्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. मी ओरडले, "हाय की! कशी हायस?"

"बरी हाय. हितं समदं घरात बसून. पात कुटवर आली?"

"निम्म्यावर. तुज्याबिगर सरकंना. सोने, एक ओळ म्हन की!"

पलीकडे तिने घसा खाकरला. मग म्हणाली, "माजाच आवाज मला माघारी ऐकाय येतोय. त्ये डबडं चालू हाय व्हय? त्ये बंद करा. मग म्हंते."

कमळीने डबा बंद केला. म्हणजे आवाज आता फोनात, आणि फोन बांधावर, गठुड्यात! आम्ही ढेकळं तुडवत पळालो. भाकरीच्या फडक्याची गाठ मीच मारलेली, मुंग्या शिरू नयेत म्हणून घट्ट. सुटेना. आतनं बारीक आवाज येत होता. कमळीने दातांनी गाठ सोडली.

फोन हातात आला तेव्हा सोना शेवटच्या ओळीवर होती. ओळ संपली. आम्ही सगळ्यांनी झील धरली, पार पलीकडच्या बांधापर्यंत जाईल अशी.

फोन तिने ठेवला होता.