आर्लिस टोफ्टेचं 'नाही'

आर्लिस टोफ्टे विधानसभेवर निवडून गेली, याचं वेस्टरहाइम गावात कुणालाच नवल वाटलं नाही. पंचवीसेक वर्षं तिनं गावाबाहेरच्या खडीच्या रस्त्यांवर टपाल वाटलं होतं. कुणाचा कुत्रा चावतो, कुणाच्या मुलाचं पत्र यायचं थांबलंय, हे तिला गाडीत बसल्या बसल्या कळायचं. थंडीत एखाद्या चिमणीतून धूर दिसला नाही, तर ती टपालपेटीशी न थांबता थेट दार वाजवायची. नवरा रॉय लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. नोकरी संपल्यावर घर खायला उठलं, तेव्हा चर्चच्या तळघरात जमणाऱ्या बायकांनीच कॉफी पिता पिता तिला निवडणुकीला उभं केलं.

"तिथं जाऊन तू करणार तरी काय?" कुणीतरी विचारलं.

आर्लिसला भाषण येत नव्हतं. "वाचल्याशिवाय कशालाही हो म्हणणार नाही," ती म्हणाली.

लोक हसले, मग टाळ्या वाजल्या. एवढ्याशा शब्दाची किंमत मोजावी लागेल असं तिथं कुणाला वाटलं नाही, तिला तर मुळीच नाही.

पहिल्या अधिवेशनात जानेवारीपासून मेपर्यंत ती समितीच्या बैठकांना नेमानं बसली. शाळांचं विधेयक वेगळं, रस्त्यांचं वेगळं, तुरुंगांचं वेगळं. प्रत्येकावर माणसं यायची, बोलायची, भांडायची. हे तिला पटलं. मग शेवटचा आठवडा आला आणि ती सगळी विधेयकं दिसेनाशी झाली. शेवटच्या दिवशी सकाळी प्रत्येक बाकावर विटेएवढा जाड कागदांचा गठ्ठा येऊन पडला. शाळा, रस्ते, तुरुंग, मासेमारीचे परवाने, वृद्धाश्रमांचे नियम, सगळं एकाच दोरीनं बांधलेलं. सभागृहात त्याला 'मोळी' म्हणत. मतदान दुपारी होतं.

आर्लिसनं चष्मा पुसला आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली. जेवणाच्या सुट्टीत तिच्या पक्षाचा नेता हॅगस्ट्रॉम तिच्या बाकाशी थांबला. भला माणूस, कुणावर आवाज न चढवणारा.

"हे काय चाललंय?"

"वाचतेय. पण हे दुपारपर्यंत व्हायचं कसं?"

"हे वाचायचं नसतं, आर्लिस. यात आपलं काय आहे, तेवढं बघायचं असतं."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं दुसऱ्यांचं असतं. ते बघतात."

दुपारी घंटा झाली. समोरच्या भिंतीवरच्या फळ्यावर सगळ्यांची नावं होती आणि नावांपुढे भराभर हिरवे दिवे लागत गेले. आर्लिसनं लाल बटण दाबलं. तिच्या नावापुढचा लाल ठिपका तिलाच असा उघडा वाटला, की जणू चर्चमध्ये प्रार्थनेच्या मधोमध तिला खोकला आला होता. तेवढ्यात फळ्याच्या अगदी तळाला आणखी एक लाल दिवा लागला. झुपान.

रुडी झुपान विरुद्ध पक्षाचा. उत्तरेकडच्या लोखंडाच्या खाणीत आयुष्य काढलेला, जाड मानेचा म्हातारा. दुसऱ्या वर्षी एका दुपारी तोच तिला इमारतीच्या मागच्या दगडी कट्ट्यावर भेटला. तिथून खाली नदी दिसायची. त्यानं डबा उघडून अक्रोड भरलेल्या गोड पावाचा एक काप तिच्यापुढे धरला.

"घे. बायकोनं केलाय. विष नाही घातलेलं, तू त्या पक्षाची असलीस तरी."

"तुम्ही का नाही म्हणता?" तिनं विचारलं.

"खाणीत कराराच्या वेळी मालक हेच करायचा. दहा गोड कलमं आणि मधे एक विंचू. सही केली की मग डसायचा." त्यानं तोंड पुसलं. "तू का म्हणतेस?"

"मी वाचलेलं नसतं म्हणून."

रुडी पोटभर हसला. "हे तर माझ्याहून सोपं आहे."

मग दोघं रोज तिथं बसायला लागले. एकाही बाबतीत त्यांचं पटत नव्हतं. खाणी, तळी, बंदुका, कर, प्रत्येकावर तो तिला 'टपालवाली बाई' म्हणून डिवचायचा आणि ती त्याला 'भोंगा' म्हणायची. मेमध्ये मोळी यायची. दोघं आपापल्या जागी बसायचे आणि फळ्यावर वर एक आणि खाली एक असे दोन लाल दिवे लागायचे. राजधानीत तिच्या भाड्याच्या खोलीत ना फुलं होती ना फोटो. पण तेवढ्या एका दिव्यामुळे आपण वेड्या नाही, असं तिला वाटायचं.

पुढच्या वेळी ती निवडून आली ती गावाला रुग्णवाहिका आणून देण्याच्या बोलीवर. वेस्टरहाइमला रुग्णवाहिका नव्हती. तालुक्याच्या गावाहून यायची, बर्फ असला तर कधी यायची ते देवालाच ठाऊक. आर्लिसचा धाकटा भाऊ वेंडेल याची बायको कॅरल अशीच गेली होती. स्वयंपाकघरात पडली. वेंडेलनं तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि रस्त्याकडे बघत बसला. गाडी आली तेव्हा तिची गरज उरली नव्हती.

आर्लिसनं त्या रुग्णवाहिकेचं विधेयक स्वतः मांडलं. समितीपुढे बोलायला वेंडेल आला, लग्नातला कोट घालून. तो दोन वाक्यं बोलला आणि पुढे त्याला बोलवेना. समितीनं एकमतानं हो म्हटलं. संध्याकाळी बहीणभावांनी एका छोट्या खानावळीत तळलेला मासा खाल्ला आणि वेंडेल म्हणाला, "कॅरलला तुझं कौतुक वाटलं असतं." त्यांच्या घरात एवढं बोलणं म्हणजे फार झालं.

पण मे महिन्यात ते विधेयक मोळीत गेलं. आर्लिस हॅगस्ट्रॉमच्या दारात उभी राहिली.

"ते एकटं आणा. अर्ध्या तासात होईल. कुणाचाच विरोध नाही."

"एकट्याला आता वेळ कुठला, आर्लिस? मोळीत सुरक्षित आहे ते."

त्या मोळीत आणखी काय काय सुरक्षित होतं ते तिला जेवणाच्या सुट्टीपर्यंत सापडलं. वृद्धाश्रमांची तपासणी आता आधी कळवून करायची, असं एक कलम मधेच कुठेतरी होतं. कुठल्याही बैठकीत त्याच्यावर चकार शब्द निघाला नव्हता. ती अजून निम्म्यावरही पोचली नव्हती. उरलेल्या निम्म्यात काय असेल?

तिनं बाहेर जाऊन वेंडेलला फोन लावला. त्याला दुसऱ्या कुणाकडून कळावं, असं तिला वाटत नव्हतं.

"मला 'नाही'च म्हणावं लागणार," ती म्हणाली.

पलीकडून त्याच्या ट्रॅक्टरचं इंजिन ऐकू येत होतं. त्यानं ते बंद केलं.

"ते पास होणार आहे ना?"

"होणार."

"मग तुझ्या एका मतानं काय बिघडतं? हिरवं दे."

"वेंडेल, मी ते वाचलेलं नाही."

"कॅरलसाठी दे. बाकी जाऊ दे. तिच्यासाठी."

मग फोन ठेवल्याचा आवाज आला. पुढे कित्येक महिने भांडी घासताना ती त्याच्या त्या बोलण्याला उत्तरं जुळवत राहिली. दुपारी तिनं लाल बटण दाबलं. खाली रुडीचा दिवा लागलेला होता. मोळी पास झाली.

शरद ऋतूत रुग्णवाहिका आली, पांढरीशुभ्र. अग्निशमन केंद्रासमोर फीत कापायचा कार्यक्रम झाला. महापौरांनी आभार मानले. हॅगस्ट्रॉमचे मानले, राज्यपालांचे मानले, केक करणाऱ्या बायकांचेही मानले. आर्लिस गर्दीत मागे उभी होती. वेंडेल स्वयंसेवक चालकाचं नवं जाकीट घालून गाडीच्या स्टिअरिंगमागे बसला होता आणि समोर काचेतून सरळ बघत होता.

दुसऱ्या दिवशी ती कॅफेत शिरली, तर कोपऱ्यातल्या टेबलावरून आवाज आला, "आर्लिस, तुझ्या छातीत दुखायला लागलं तर सांग हं. आधी मतदान घेऊ, मग गाडी काढू."

सगळे हसले. तीही हसली, न हसणं बरं दिसलं नसतं. वेंडेल त्याच टेबलावर होता. तो हसला नाही. त्यानं कपात बघितलं. त्याचं हसणं तिनं सोसलं असतं. ते कपात बघणं तिला सोसेना.

वेंडेल दर रविवारी तिच्याकडे जेवायला यायचा, ते बंद झालं. तरी कित्येक रविवार ती दोघांपुरतं मांस-बटाट्याचं हॉटडिश ओव्हनमध्ये लावायची आणि मग आठवडाभर एकटीच ते गरम करून खायची. टपालाच्या रस्त्यानं गाडी घेऊन गेली, तर लोक हात करायचे, कारण तिथं हात सगळ्यांनाच करतात. पण फाटकाशी कुणी थांबेना.

काठावरच्या मतांनी ती आणखी एकदा निवडून आली. त्या मेमध्ये मोळी आली, घंटा झाली, दिवे लागले. तिनं सवयीनं फळ्याच्या तळाकडे पाहिलं. झुपान हिरवा होता.

तिला वाटलं चुकून झालं असेल. चुकीचं बटण दाबलं तर सुधारायला थोडा वेळ मिळतो. तिनं वाट पाहिली. दिवा हिरवाच राहिला. रुडीनं कागद गोळा केले आणि पलीकडच्या दारानं तो निघून गेला. एरवी तो तिच्या बाकाजवळून जायचा आणि जाता जाता दोन बोटांनी टकटक करायचा.

कारण तिला दुसऱ्यांकडून कळलं. रुडीच्या गावच्या विहिरींत खाणीचं पाणी उतरलं होतं. शुद्धीकरणाचं केंद्र त्या मोळीत होतं. ती कट्ट्यावर जाऊन बसली. अधिवेशन संपलेलं, इमारत रिकामी होत होती. तिनं आपलं सँडविच संपवलं आणि तरी ती बसून राहिली.

पुढच्या हिवाळ्यात तो तिला जिन्यावर आडवा आला, तेव्हा टाळायला जागा नव्हती.

"नातीला आंघोळ घालताना सून सांगायची, तोंड मिटून घे," तो म्हणाला. "रोज. एवढीशी पोर, ओठ घट्ट मिटून टबात बसायची. मी तरी काय करणार होतो?"

"मी विचारलं का तुम्हाला?"

"नाही." तो कठड्याला धरून उभा होता. वर्षभरात खूप थकला होता. "विचारलं असतंस तर बरं झालं असतं, टपालवाली बाई."

"आज कट्ट्यावर या."

"थंडी फार आहे," रुडी म्हणाला. थंडी होतीच. पण याआधी कधी थंडीनं त्यांना अडवलं नव्हतं. त्या अधिवेशनानंतर तो निवृत्त झाला.

त्या मेमध्येही फळ्यावर तिचा लाल दिवा एकटाच होता. हॅगस्ट्रॉमनं लांबून तिच्याकडे पाहून मान हलवली, रागानं नव्हे, उशिरा घरी येणाऱ्या मुलाकडे आई बघते तशी. तिनं बटणावरचं बोट काढलं. आपण बरोबर आहोत की नुसत्या हट्टी, हे सांगायला आता कुणीच उरलं नव्हतं.

ऑगस्टमध्ये पक्षाच्या उमेदवारीसाठीच्या निवडणुकीत ती हरली. बियाण्यांचं दुकान चालवणारा ग्रँट फॉस तिच्याविरुद्ध उभा होता. 'वेस्टरहाइमला हो म्हणणारा माणूस' एवढंच त्याच्या फलकावर होतं. निकालानंतर तो तिच्या घरी आला, टोपी हातात घेऊन, आणि म्हणाला, "मनात काही ठेवू नका." तिनं त्याला रुबार्ब-पाय ही घरी भाजलेली आंबटगोड पेस्ट्री दिली. तो दोन तुकडे खाऊन गेला.

घरी राहायला लागल्यावरही तिची एक खोड गेली नाही. मोळी आता कुणालाही संगणकावर बघता यायची. मे आला की ती सकाळी स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसायची आणि पहिल्या पानापासून वाचायला लागायची. कुणी विचारत नव्हतं, कुणाला सांगायचं नव्हतं.

दुसऱ्या वर्षी मोळी आली त्याच दिवशी दुपारच्या आत फोन वाजला. ग्रँट फॉस होता.

"आर्लिस बाई, तुम्ही वाचताय ना?"

"वाचतेय."

"आम्हाला आत्ता सकाळी दिलं." तो आवाज खाली करून बोलत होता, मागे घंटा, गडबड ऐकू येत होती. "आपल्या शाळेचं छप्पर आहे यात, तेवढं बघितलं मी. बाकी काय आहे?"

तिनं जे सापडलं होतं ते सांगितलं. दोन गोष्टी चांगल्या होत्या, एक वाईट, एक तिला कळलीच नव्हती. तो मधे मधे "अरे बापरे" म्हणत होता.

"मग मी काय करू?"

तिला फार सांगावंसं वाटलं. "ते मी नाही सांगायचं, ग्रँट," ती म्हणाली. "मी अजून निम्म्यावर आहे."

"छप्पर गळतंय हो," तो म्हणाला आणि थोडं थांबून, "बरं, ठेवतो."

दुपारी तिनं मतदान पडद्यावर बघितलं. नावं उजळत गेली. तिनं वरून खाली बघितलं, मग खालून वर. फॉस हिरवा होता. सगळाच फळा हिरवा होता, वसंतातल्या कुरणासारखा, आणि सभागृहात टाळ्या वाजत होत्या. तिनं पडदा बंद केला. दुपारचे सगळे तास अजून उरले होते.

बाहेर गाडीचं दार वाजलं. ती खिडकीशी गेली. घराखालच्या तळ्यावरचा बर्फ काही आठवड्यांपूर्वीच वितळला होता. वेंडेल कमरेपर्यंतचे रबरी बूट चढवून किनाऱ्याकडे उतरत होता. बर्फात मोडू नयेत म्हणून हिवाळ्याआधी काढून ठेवलेले तिच्या लाकडी धक्क्याचे भाग अजून गवतावर पडून होते. तिनं कोट घातला आणि ती खाली गेली.

"पाणी वर आलंय," वेंडेल म्हणाला, तिच्याकडे न बघता. "सगळ्यांचे धक्के लागले. तुझाच राहिलाय. लांबून दिसतं."

"एकटीला उचलत नाही."

"ठाऊक आहे." त्यानं एक फळी उचलून पाहिली. "आज मतदान होतं ना तुमचं?"

"झालं."

"लाल किती?"

"एकही नाही."

वेंडेल पाण्यात उतरला. थंडीनं त्याचा श्वास अडकलेला तिला ऐकू आला. तळ्याकडे तोंड करून त्यानं तळाशी पाय रोवले.

"ते टोक धर," तो म्हणाला.

तिनं टोक धरलं. संध्याकाळपर्यंत धक्का लागला, थोडा डावीकडे कललेला. कॉफी ठेवते म्हणाली, तर तो म्हणाला, आज रुग्णवाहिकेवर पाळी आहे. गाडी वळणापलीकडे गेली. आर्लिस धक्क्याच्या टोकापर्यंत चालत गेली. फळ्या अजून ओल्या होत्या आणि पायाखाली थोड्या हलत होत्या. समोर पाण्यावर एकही होडी नव्हती. ती तिथं बराच वेळ उभी राहिली. मग आत जाऊन तिनं दिवा लावला आणि उरलेली पानं वाचायला घेतली.